मग तिची साडी कुठाय?

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. मी मात्र अजून तुमच्या जुन्याच प्रश्नाशी अडून बसले आहे. तो तुम्ही पहिल्यांदा विचारलात तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. अंगात तुमच्या दुकानातला शिपायाचा सदरा होता, ओठांवर तुम्ही डिंकानं चिकटवलेली मिशी होती आणि हसले तर ती सुटेल म्हणून मी तोंड मिटून उभी होते.

चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक आमच्या सरांनी मराठीत आणलं होतं. घरातून निघालेली एक मुलगी पुरुषाचा वेष घेते, परक्या गावात चाकरी धरते, सगळ्यांना फसवते. शेवटी ती मुलगी असल्याचं उघड होतं आणि आनंदीआनंद. मेंढरांमागं फिरून रापलेली, उंच मुलगी कॉलेजात मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. साखर पेठेतल्या तुमच्या दुकानात सर तुम्हाला प्रसंग सांगत होते आणि तुम्ही कुठल्या प्रवेशाला कुठले कपडे ते कागदावर टिपत होता. शेवटचा प्रवेश झाला तशी तुम्ही पेन्सिल थांबवलीत.

"आन् ती कपडे कवा बदलते?"

"बदलत नाही. शिपायाच्या वेषातच उभी राहते. पडदा."

"मग तिची साडी कुटाय?"

सर म्हणाले, ते प्रतीकात्मक आहे. तुम्ही म्हणालात, "परतीक ऱ्हाऊ द्या सर. पोरीनं घर सोडलं तवाची साडी कुणाकडं तरी असंल की. ती आल्याबिगर पोरगी घरी जाणार कशी?" मी हसले आणि मिशी सुटली.

तुम्हाला ओळखत नसलेल्या कुणी हे वाचलं तर म्हणून सांगते. अण्णा ड्रेपरीवाले होते. सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत हौशी नाटक असो, शाळेचं गॅदरिंग असो, राजा-राणीपासून हवालदारापर्यंत सगळ्यांचे कपडे त्यांच्या दुकानातून जायचे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, कापडवाल्या बोहऱ्याशी दखनी. मागावर बसायचं सोडून हे कपड्यांचं खूळ घेतलं म्हणून वडिलांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. आणि प्रत्येक कपड्याच्या कॉलरीत किंवा काठाच्या आत पांढऱ्या फितीची बोटभर पट्टी शिवलेली. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात त्या कपड्याचं काम लिहिलेलं. वकील. फौजदार. सावकार. दुसरी बायको. नटाचं नाव कधीच नाही. "नट बदलतो," तुम्ही म्हणायचात, "कपड्याचं काम बदलत न्हाय."

मिशी फुटायच्या आधी तुम्ही पेठेतल्या मंडळात बायकांची कामं करायचात, हे मला त्याच आठवड्यात कळलं. मी पुरुषासारखी चालायला म्हणून छाती काढून, पाय फाकून चालत होते. सर खूश होते. तुम्ही तोंडात सुपारी धरून बघत होता. मग मला बाजूला घेतलंत.

"पोरी, चालायचं सोड. तू येताना समद्यांच्या पायाकडं बघत येतीस. गडी मानूस असा बघतो व्हय? मी बाई व्हायचो तवा पदर, बांगड्या समदं मागनं यायचं. आधी नजर खाली यायची. तुजं उलटं कर. नजर वर घे, चाल आपसूक येईल."

मी नजर वर घेतली. खरं सांगू का, ती मग नाटक संपल्यावरही पूर्ण खाली गेली नाही. आज वर्गात दीडशे मुलांसमोर मी ज्या नजरेनं उभी राहते ती तुम्ही मला साखर पेठेत एका दुपारी दिलीत. त्या दुपारबद्दल मी कुठंही, कधीही, एक ओळ लिहिली नाही.

दादा नाटकाला आले होते. माझे वडील, मंगळवेढ्याच्या अलीकडच्या गावातून, एसटीनं, खांद्यावर घोंगडं. ते हॉलच्या दारातच अडखळले. आत सगळी इस्त्रीची माणसं. तुम्ही विंगेतून बघितलंत, खाली उतरलात आणि त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलंत. नाटक झाल्यावर दादा तुम्हाला म्हणाले, "म्या वळकलंच न्हाय हो हिला. मिशी लावून आलं ते कुणाचं पोर म्हून बघत बसलो." तुम्ही दोघं एवढे हसलात. एसटीत बसताना दादांनी तुमचा हात धरला. "आमी लांब पडतो अण्णा. पोरीकडं ध्यान असू द्या." तुम्ही नुसतं "व्हय" म्हणालात.

त्या शब्दाला तुम्ही जागलात. माझ्या मुलाखतीची साडी आठवते? लेक्चररच्या जागेसाठी बोलावणं आलं आणि माझ्याकडं दोन पंजाबी ड्रेस, त्यातल्या एकाचा रंग गेलेला. तुम्ही मांडणीवरून फिकट बदामी रंगाची, बारीक तपकिरी काठांची साडी काढलीत. काठाच्या आत पट्टी : हेडमास्तरीण. निऱ्या बसेनात म्हणून तुम्ही पद्माला, तुमच्या मुलीला, हाक मारलीत. ब्लाउजची बाही उसवलेली निघाली. अंगावर कपडा शिवणं अशुभ, पण वेळ नव्हता. मग तुम्ही विंगेत सगळ्या नटांना सांगायचात तसं मला सांगितलंत, "दातात दोरा धर," आणि पद्माकडून दोन टाके घालून घेतलेत. मी दातात दोरा धरून, हेडमास्तरीण होऊन रिक्षात बसले.

"नोकरी लागली की आणून दे," तुम्ही मागून ओरडलात. "कपडे परत आल्याबिगर नाटक संपत न्हाय."

नोकरी लागली. साडी मी धुऊन, इस्त्री करून ठेवली आणि नेऊन द्यायची राहिली. पहिल्यांदा विसरले, दुसऱ्यांदा कंटाळा केला, मग त्याचा आपल्या दोघांचा खेळच झाला. दुकानात पाय ठेवला की तुम्ही म्हणायचात, "साडी?" मी म्हणायचे, "आणते." "म्हंजे नाटक चालू हाय," असं म्हणून तुम्ही पद्माला चहा टाकायला सांगायचात.

पीएच.डी.ला मी विषय घेतला तोच. त्या जुन्या इंग्रजी नाटकातले कपडे, वेषांतर आणि माणसाची पायरी. लायब्ररीत जेवढी बसले त्याहून जास्त मी तुमच्या दुकानातल्या लाकडी पेटाऱ्यावर बसले. त्या काळी तिकडं कायदा होता, कुणी कुठलं कापड अंगावर घालायचं त्याचा. मखमल उमरावांची, रेशीम अमक्यांचं, कारागिरानं जाडंभरडं घालायचं. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं कायदा लिवून ठेवायची गरज न्हवती. बघणारे डोळे होते की." मला आठवलं, दादांनी एकदा बाजारातून जुना कोट आणला होता थंडीसाठी. गावातला एक जण म्हणाला होता, मेंढरांना कळायचं न्हाय रं मालक कोण ते. दादांनी तो पुन्हा घातला नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ एकाच बटणाला दोरा गुंडाळत राहिलात.

तिकडं उमराव मेला की त्याचे उंची कपडे नोकरांना जायचे. नोकरांना ते घालायची सोय नाही, म्हणून नट मंडळी ते विकत घ्यायची. मी मोठा शोध लागल्यासारखं सांगितलं. तुम्ही मागच्या खोलीतले कोट दाखवलेत. "ह्यो एका डेप्युटी इंजिनेराचा. गेल्यावर बाई घेऊन आली, म्हणाली घरात बघवत न्हाय. ह्यो एका डॉक्टरचा. समदे सायेब शेवटाला माज्याकडंच येतात."

आणि त्या नाटकांतली मुलींची कामं मुलगे करायचे. मुलगा मुलगी होतो, ती मुलगी नाटकात पुन्हा मुलगा होते. यावर पंडितांनी कपाटंच्या कपाटं भरून ठेवलीत. तुम्ही तीन मिनिटांत उभं राहून करून दाखवलंत. साठीकडं झुकलेले, टक्कल पडलेले तुम्ही आधी बाई झालात, मग पुरुषाचं सोंग घेतलेली बाई झालात, आणि मला दोन्हींतला फरक स्वच्छ दिसला. सोंग घेतलेली बाई नजर वर घेते खरी, पण ती अर्धा क्षण उशिरा घेते. "तेवड्या उशिरातच ती बाई असते," तुम्ही म्हणालात.

पीएच.डी.चं पुढं पुस्तक झालं, त्याचं तिसरं प्रकरण त्या अर्ध्या क्षणावर उभं आहे. ज्यांनी वाचलं त्यांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं. ऋणनिर्देशाला दोन पानं आहेत. मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, नवरा आहे, सासूबाई आहेत, ज्यांनी टाइप केलं तेही आहेत. तुम्ही नाही. विसरले असते तर आज एवढं टोचलं नसतं. मी एका कच्च्या प्रतीत तुमचं नाव लिहिलं होतं आणि खोडलं. ड्रेपरीवाल्यानं सांगितलं म्हणून लिहिलं, असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटली. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांवर पुस्तक लिहिणारी बाई ही, बघा.

आता तो दिवस. चार वर्षं मी तो सगळीकडून टाळत आले, पण तुमच्याशी बोलायला बसले तर त्याला वळसा घालता येणार नाही.

पुस्तकाचं प्रकाशन कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्हाला पत्रिका मी पोस्टानं पाठवली, पंधरा मिनिटांवर दुकान असून. तुम्ही आलात. नेहमीचा लेंगा-सदरा नाही. राखाडी कोट, आत पांढरा शर्ट, उरलेले केस पाण्यानं चापून बसवलेले. हॉलमध्ये मी पाहुण्यांच्या गराड्यात होते. तुम्ही लांबून हात उंचावलात. मी मान हलवली आणि दुसरीकडं बघितलं.

चहाच्या वेळी पुण्याहून आलेले पाहुणे प्राध्यापक तुमच्याशी बोलताना दिसले. ते माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, तुमच्या या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला तुमचं तिसरं प्रकरण उभं राहून करून दाखवलं! कमाल आहे. कुठल्या कॉलेजात होते हे? कोण आहेत?"

आजूबाजूचे सगळे आमच्याकडं वळले. माझे सहकारी, प्राचार्य, विद्यार्थी. तुम्ही घाईघाईनं म्हणत होतात, "न्हाय हो सर, मी कुटला कॉलेजातला, मी आपला..." तुम्ही स्वतःच सांगणार होतात, अण्णा. खोटं सोंग तुम्ही घेतलंच नव्हतं. पण मला एवढंच ऐकू येत होतं की माझं प्रकरण तुमच्या तोंडून बाहेर पडलंय, आणि आता कुणीतरी दोन आणि दोन चार करणार. मी तुमचं वाक्य तोडलं.

"हे आमचे ड्रेपरीवाले," मी हसत म्हणाले. "नाटकांना कपडे भाड्यानं देतात. आज प्रोफेसरच्या वेषात आलेत. कॉलर उलटून बघा, आत पट्टीवर लिहिलेलं असेल."

सगळे हसले. चांगलं मोकळं हसले. एका सहकाऱ्यानं तर गमतीत तुमच्या कॉलरीकडं हात नेला. तुम्ही झटकन कॉलर मुठीत धरलीत आणि एक पाऊल मागं सरलात. त्यावर अजून हशा पिकला. चोरी पकडली गेली असंच सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं, आणि मी ते वाटू दिलं.

तुम्हीही हसलात. मग माझ्याजवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "फॉल सुटलाय खालचा. पाय अडकंल." कोटाच्या आतल्या बाजूला टोचलेली, दोरा ओवलेली सुई काढून माझ्या हातात दिलीत. "येतो, मॅडम."

इतक्या वर्षांत तुम्ही मला पोरी म्हणालात, सुमे म्हणालात, रागावलात तेव्हा बाईसाहेब म्हणालात. मॅडम कधीच नाही. जाताना तुम्ही साडीबद्दलही विचारलं नाहीत.

फॉल मी स्टाफरूममध्ये अंगावरच शिवला. दातात दोरा धरायचं लक्षात होतं, पण धरला नाही.

दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आले असते तरी चाललं असतं. मी काय केलं ते सांगते. मी रिक्षा साखर पेठेतून न्यायचं बंद केलं. लांबून, स्टेशनकडून न्यायला लावायची. गॅदरिंगच्या कपड्यांची जबाबदारी दुसऱ्या बाईंकडं दिली. मनाशी म्हणायचे, अण्णांना एवढं काय लागलं असेल, गमतीत बोलले मी, तेही हसले की. नट माणूस, हसणारच. तुम्ही दुकान बंद केलंत, पेटारे घेऊन कुंभारीला पद्माच्या घरी राहायला गेलात, हे मला तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

महिन्यापूर्वी पद्माचा फोन आला. "अक्का, अण्णांना बरं न्हाय. तुमची आठवण काढतात." मी म्हणाले, परीक्षा चालू आहेत, रविवारी येते. रविवारी पेपर तपासले. पुढच्या रविवारीही तपासले. त्यानंतरच्या गुरुवारी तुम्ही गेलात. पेपर अजून संपलेले नाहीत, अण्णा. ते कधीच संपत नाहीत, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत माहीत नव्हतं असं नाही.

काल मी कुंभारीला गेले. पिशवीत बदामी साडी होती. निदान ही तरी परत करावी, तुमच्या शब्दाप्रमाणं नाटक संपवावं आणि थोडं हलकं व्हावं, असा माझा हिशेबी विचार होता. पद्मानं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मला जवळ घेतलं. मी तयार करून नेलेली सगळी वाक्यं राहून गेली. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणता आलं.

"बसा अक्का," ती म्हणाली. "अण्णा कवाच काय बोलले न्हाईत. मी इचारलं तर म्हणायचे, तिच्या घरचं कार्य होतं, गडबडीत होती."

मग तिनं आतून तो राखाडी कोट आणला. म्हणाली, "त्या दिवशी सकाळी अर्धा तास कोट निवडत होते. मी म्हटलं, अण्णा, प्रोफेसरचा घाला की, नवा हाय, तितं शोभंल. तर म्हणाले, न्हाय, माजं काम येगळं हाय तितं. परत आल्यावर हा धुवायला बी दिला न्हाय. घडी घालून ठिवला, तो ठिवलाच."

तिनं कोट माझ्या मांडीवर ठेवला आणि ती चहा टाकायला गेली. जुना, जड कोट, कोपराला विरलेला. कुणाच्या तरी घरून तुमच्याकडं आलेला असणार. मी कॉलर उलटली. चार वर्षांपूर्वी सगळ्यांना जे करायला सांगितलं होतं, ते मी पहिल्यांदा स्वतः केलं.

पट्टी पिवळी पडली होती. अक्षर तुमचंच. लग्नाची नाटकं पेठेत जोरात चालायची त्या काळातली ती पट्टी असावी.

मुलीचा बाप.

अण्णा, चहा निवला. पद्मानं दुसरा केला. तुम्ही त्या दिवशी कॉलर मुठीत का धरलीत ते मला कळलं. पट्टी बाहेर आली असती तर हसणारे गप्प झाले असते आणि मला मान वर करता आली नसती. एवढं झाल्यावरही तुम्ही मलाच झाकलंत. तुमच्या चाळीस कोटांमध्ये कलेक्टर होता, डॉक्टर होता, बॅरिस्टर होता. ते सगळे सोडून तुम्ही हा घातलात, कारण दादांची खुर्ची रिकामी होती आणि तुम्ही एकदा एसटी स्टँडवर "व्हय" म्हणाला होतात.

त्या दिवशी हॉलमध्ये हसलेल्या प्रत्येकाला मी हे सांगणार आहे. पुण्याच्या पाहुण्यांनाही पत्र लिहिलंय. हे कोण, असं त्यांनी विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मी त्यांना चुकीचं दिलं. तिसरं प्रकरण कुणाचं आहे, तेही त्यात लिहिलंय. यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला माहीत आहे. ते पोचायचे दिवस मी पेपर तपासण्यात घालवले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र काल मिळालं. त्या नाटकातली पोरगी शेवटपर्यंत परक्या वेषात का उभी राहते, यावर मी तुम्हाला वर्षानुवर्षं काय काय सांगितलं. तुम्ही दर वेळी मान हलवून म्हणायचात, पण साडी कुणाकडं हाय? साडी ज्याच्याकडं असते त्याच्याकडं पोरीला एकदा जावं लागतं, अण्णा. ती जात नाही, म्हणून तशीच उभी राहते.

निघताना पद्मा पिशवीकडं बघून म्हणाली, "साडी आणलीया व्हय? अण्णा लई इचारायचे." मी पिशवी उघडली. काठाच्या आतली पट्टी अजून घट्ट होती, हेडमास्तरीण. द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. ही दिली की संपलं, मग मला दारातच कुणी काही विचारणार नाही. मी पिशवीचं तोंड मिटलं. पद्मानं कोट माझ्या हातात ठेवला.

आज सकाळी दोन्ही माझ्या कपाटात शेजारी शेजारी ठेवलेत. दार लावताना तुमचा आवाज आला, दुकानाच्या उंबऱ्यावरून यायचा तसाच. साडी?

आणते, अण्णा.